कागदावरचे दोन बैल

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत. मी नाही.

खंड्या आणि शेवंती ही कुत्री आहेत, हे मी तुमच्या नगरपालिकेच्या कार्यालयात तीनदा तोंडी आणि एकदा लेखी सांगितलं होतं. त्यांना बैल तुम्ही केलंत, तेही शिक्का मारून. आणि आता तुमचाच शिपाई माझ्या दारावर नोटीस चिकटवून जातो, की ‘आपल्या मालकीच्या दोन बैलांनी बागेतील फलक पाडला, सबब सदर बैल तपासणीसाठी हजर करावेत.’ दाराला नुकताच रंग दिला होता, साहेब. नोटीस सोलली तसा तोही सोलला. पण ते जाऊ द्या.

मी एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं पाने फिरवले. मराठी थोडं शाळेत शिकलो, उरलेलं डेपोच्या तक्रारवहीत. त्यामुळं ‘महोदय, सविनय’ वगैरे मला जमत नाही. घडलं ते घडलं तसं लिहितो. तुम्हाला टोचलं तर टोचू दे.

माझी लेक स्वानंदी सांगलीला दिलेली. तिची पोरं दोन. ज्ञानदा नऊ वर्षांची, पुष्कर पाचाचा. गेल्या दिवाळीत दोघं साताऱ्याला आमच्याकडं आली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ज्ञानदानं बॅग भरली. ‘का गं?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘आजोबा, तुमच्याकडं टीव्हीसुद्धा तुम्हीच बघता.’

हे वाक्य मी सात महिने चघळतोय. आमच्या सौभाग्यवती, चारुशीला, त्यावर इतकंच म्हणाल्या, ‘पोर काय खोटं बोलली?’

तिकडं पुण्यात पोरांच्या आत्याच्या सोसायटीत पोहायचा तलाव आहे. येती दिवाळी आत्याकडं करायची असं पोरांचं जवळजवळ ठरलंच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीतले शेवटचे आठ दिवस तेवढे माझ्या वाट्याला आले. या आठ दिवसांत पोरं रमली तर दिवाळी माझी, नाही तर आत्याची. इतका साधा मामला होता. माझ्याकडं तलाव नाही. माझ्याकडं बाग आहे. म्हणजे होती, तुम्ही ती ताब्यात घेईपर्यंत.

ही बाग कुणी केली ते तुमच्या दप्तरात नसणार, म्हणून सांगतो. आमच्या कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेत आधी बाभळी, बाटल्या आणि एक फुटका कमोड होता. मी आणि शेजारचे दादासो, दोघांनी मिळून जागा साफ केली. दादासो म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी झाडं अशी लावली की आजही ती सावधानमध्ये उभी आहेत. मी जुन्या पाइपांचा झोपाळा बसवला. दहा वर्षं बादल्यांनी पाणी घातलं. झाडांना सावली आली आणि मग तुमच्या लक्षात आलं, की ही जागा आपली आहे! तुम्ही कुंपण घातलंत, फाटक बसवलंत, उद्घाटन केलंत. उद्घाटनाला आम्हा दोघांना खुर्ची नव्हती. आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. आणि फाटकाशी तुम्ही फलक ठोकलात, ‘कुत्र्यांना सक्त मनाई.’

अहो, शेवंती याच बागेत जास्वंदीखाली व्याली. खंड्या तिचं पिल्लू. त्याचे डोळे उघडले ते आमच्या झोपाळ्यासमोर. मनाई तुम्ही नंतर घातलीत. आधी राहणाऱ्याला बाहेर काढायचं आणि मग त्यालाच ‘बाहेरचा’ म्हणायचं, ही तऱ्हा आम्ही कुत्र्यांतसुद्धा पाहिली नाही.

तर पोरं आली. पहिल्या दिवशी चौघं बागेत पळाली. दोन पोरं, दोन कुत्री. पाचव्या मिनिटाला तुमचा रखवालदार अर्जुना शिट्टी फुंकत आला. कुत्री फाटकाबाहेर, पोरं आत. मग पोरंही बाहेर. रस्त्यावर खेळायला लागली तर पाण्याचा टँकर आला. घरात घेतली तर खंड्यानं चारुशीलाच्या पापडांवरून लोळण घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्ञानदा मला म्हणाली, ‘आजोबा, आत्याकडं कधी जायचं असतं हो?’

त्याच संध्याकाळी ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. ‘अय्या, बुधवारी आमच्याकडं बेंदूर! आणि मी इथं!’

तुम्हाला ठाऊक असेल नसेल, सातारकर बेंदूर आषाढात करतात. सांगली-मिरजेकडं पुष्कळ घरी कर्नाटकी बेंदूर असतो, महिनाभर आधी. ज्ञानदाच्या दुसऱ्या आजोबांचं गाव तिकडचं. तिथं बैल धुतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी चारतात आणि शेवटी कर तोडतात. कर म्हणजे आडवी बांधलेली पानांची दोरी. बैलांनी पळत येऊन तोडायची. पोरीनं हे सगळं मला हातवारे करून सांगितलं आणि कॅलेंडरवरच्या बुधवारवर बोट घासत राहिली. ते मला बघवेना.

‘मग आपण इथं करू की बेंदूर,’ मी म्हणालो. ‘बागेत.’

‘बैल कुठंयत?’

पुष्कर खंड्याच्या पाठीवर मान टाकून पडला होता. त्यानं मान न उचलता सांगितलं, ‘हा बैल.’

ज्ञानदाचा चेहरा असा फुलला, की मी त्याच क्षणी शब्द देऊन बसलो. आजोबाचा शब्द. बुधवारी, बागेत, खंड्या आणि शेवंतीचा बेंदूर. कर तोडण्यासकट.

बातमी कॉलनीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. एक बाई म्हणाल्या, कुत्र्याला गोड दिलं की केस झडतात. दुसऱ्या म्हणाल्या, नवऱ्याचे तर न देताही झडले. एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘यात धर्माच्या दृष्टीनं काही अडचण नाही ना?’ मी म्हटलं, धर्मराजानं कुत्रा स्वर्गापर्यंत नेला होता, मी बागेपर्यंत नेतोय.

दादासोंनी मात्र बोट वर केलं. ‘भाऊ, विदाऊट परमिशन काम करायचं नाही. रूल म्हणजे रूल. रीतसर अर्ज टाका.’

हा सल्ला मी ऐकला. आयुष्यात एकदाच रीतसर वागलो, साहेब, आणि त्याची ही शिक्षा.

तुमच्या पहिल्या टेबलानं विचारलं, ‘कशाचा कार्यक्रम?’

‘कुत्र्यांचा.’

‘तसा फॉर्म नाही. लग्न, वाढदिवस, योगासनं आणि सण, एवढेच आहेत.’

‘मग सण द्या. बेंदूर.’

‘बेंदराला अजून महिना आहे.’

‘हा कर्नाटकी.’

‘मग कर्नाटकात जा.’

‘अहो, सांगलीत करतात!’

‘सांगली आमच्या हद्दीत नाही.’ असं म्हणून त्यानं चहाचा घोट घेतला. ‘बुधवारी बेंदूर असल्याचा पुरावा जोडा.’

मी घरी आलो आणि कॅलेंडरचं जूनचं पान फाडलं. चारुशीला ओरडत होती, ‘अहो, त्यावर गॅस कधी संपेल ते लिहिलंय!’ मी म्हटलं, उद्या परत आणतो. ते पान तुमच्याकडं ‘मूळ प्रत’ म्हणून जमा झालं. त्याचं पुढं काय झालं ते पुढं येईलच.

दुसऱ्या टेबलावर कंप्युटर होता आणि कंप्युटरमागं एक तरुण माणूस. चेहरा सज्जन होता. मी फसलो तो त्या चेहऱ्याला.

‘बैलांची संख्या?’

‘शून्य. कुत्री दोन.’

त्यानं बटणं दाबली. ‘काका, शून्य घेत नाही. आणि कुत्री टाकलं की लाल अक्षरात मनाई येते. बैल दोन टाकतो. रंग?’

‘एक तपकिरी, एक काळीपांढरी. पण अहो...’

‘शिंगं?’

‘कुत्र्याला शिंगं?’

‘लहान, असं टाकतो. कानाला बिल्ला?’

‘बिल्ला नाही. नसबंदीचं ऑपरेशन केल्यावर कानाला कापून खूण करतात ती आहे.’

‘खूण आहे,’ तो बोलत बोलत लिहीत होता. ‘नावं?’

‘खंड्या आणि शेवंती.’ इथं मी टेबलावर हात आपटला. ‘साहेब, ही कुत्री आहेत! मी लेखी देतो!’

आणि दिलं. अर्जाच्या पाठीवर लिहून सही केली. त्यानं ते शांतपणे वाचलं, आणि अर्ज पुन्हा उलटा केला.

‘काका, तुम्हाला परवानगी पाहिजे का खरं पाहिजे?’

हे वाक्य तुमच्या माणसाचं आहे. मला नातीचा चेहरा आठवला आणि मी म्हणालो, ‘परवानगी.’ माझी चूक एवढीच. ती मी कबूल करतो. तुमची तुम्ही करा.

घरी चारुशीलानं कागद मोठ्यानं वाचला. ‘शेवंतीला बैल केलंत? लेकुरवाळीला?’ दादासोंनी चष्मा लावून शिक्का तपासला आणि ‘पेपर ओके आहे, माल ओके नाही,’ असा शेरा दिला. तेवढ्यात कोंडीबा दूध घेऊन आला. कोंडीबा मूळचा माण तालुक्यातला. बापजादे मेंढरं राखायचे. हा आता कॉलनीच्या मागं वाट्यानं शेती करतो आणि आम्हाला दूध घालतो. त्यानं दोन्ही कुत्र्यांकडं नीट पाहिलं.

‘दोगांचं बी आपरेशन झालंय न्हवं? मग बैलच की वो. त्यात काय खोटं न्हाई.’

शेतकी दृष्टीनं हा मुद्दा बिनतोड होता.

‘आवं भाऊ, म्हंजी बागंत बैलाला परवानगी हाय?’

‘आहे. शिक्क्यानिशी. दोन बैल.’

‘दोन,’ म्हणून कोंडीबा विचारात पडला. मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं. कोंडीबा विनाकारण विचारात पडत नाही.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात मी कसा राहिलो ते माझं मला माहीत. वॉशिंग मशिनच्या खोक्याची शिंगं झाली. ती वाळायला माझ्या पलंगावर. मी खाली सतरंजीवर, खंड्याशेजारी. कोंडीबानं बैलाची घुंगुरमाळ उसनी दिली. ती शेवंतीच्या गळ्यात घातली तर घसरून पार कमरेला गेली. झूल हवी म्हणून ज्ञानदानं कपाट उघडलं आणि माझ्या निवृत्तीच्या सत्काराची शाल काढली. तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं एकमेव वस्त्र. ‘आजोबा, तुम्ही कुठं घालता ती?’ खरंच होतं. खंड्याला ती माझ्यापेक्षा बरी दिसली. हे चारुशीलानं बोलून दाखवायची काही गरज नव्हती.

बुधवार उजाडला. पुरण शिजत पडलं आणि अर्ध्यात गॅस संपला. सिलिंडर कधी संपणार होता? ते जूनच्या पानावर. पान कुठं? तुमच्या फाइलीत. चारुशीला पातेलं घेऊन दादासोंकडं धावली, दादासोंच्या बायकोनं पोळ्या लाटायला आणखी दोघी बोलावल्या, त्या आपापली पोरं घेऊन आल्या. जो घरगुती कार्यक्रम होता तो कॉलनीचा झाला. तुमच्यामुळं. हे मात्र मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

चारच्या सुमाराला मिरवणूक फाटकाशी पोहोचली. अर्जुना आडवा झाला. ‘काका, कुत्री न्हाई आत.’

मी कागद पुढं केला. त्यानं बोट फिरवत वाचला. मग खंड्याकडं पाहिलं. खंड्याचं डावं शिंग घसरून डोळ्यावर आलं होतं.

‘ह्ये बैल हायत?’

‘कागद काय म्हणतो?’

‘कागद बैल म्हंतोय.’

‘मग?’

‘मग मी कोन इचारनार? जावा.’ एवढ्यात शेवंती त्याच्यावर भुंकली. अर्जुना दचकला. ‘काका, बैल भुकतोय!’

‘सांगलीकडचा आहे,’ मी म्हणालो आणि आत गेलो.

साहेब, पुढचा एक तास तुम्ही बघायला हवा होता. ज्ञानदानं दोघांना कुंकू लावलं. शेवंतीनं ते खंड्याचं चाटून टाकलं. पुष्करनं झोपाळ्यावर बसून अर्धी पोळी स्वतः खाल्ली, अर्धी खंड्याला दिली, मग खंड्याची उरलेली परत घेतली. चारुशीलानं तोंड फिरवलं आणि पाहिलं नाही असं केलं. मी गवतावर आडवा झालो होतो. शेवंती माझ्या पोटावर डोकं ठेवून होती आणि तिचं पुठ्ठ्याचं शिंग माझ्या नाकात जात होतं. ज्ञानदा धावत आली, माझ्या शेजारी आपटली आणि धापा टाकत म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही टीव्ही बघायला नका जाऊ हं.’ बकुळीची फुलं पडत होती. बादलीबादलीनं जगवलेलं झाड ते.

राहता राहिली कर. आंब्याच्या पानांची दोरी मी स्वतः वळली होती. तिचं एक टोक मी झोपाळ्याच्या खांबाला बांधलं आणि दुसरं, फाटकाशी तेवढीच एक जागा होती म्हणून, तुमच्या फलकाच्या खांबाला. कुत्र्यांना पलीकडून बिस्किटं दाखवली. खंड्या पळत आला आणि दोरीखालून गेला. शेवंतीनं दोरी हुंगली आणि तिथंच बसली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सगळी कॉलनी ‘हुर्रर्र’ करून दमली.

‘आजोबा,’ पुष्करचा ओठ बाहेर आला. ‘कर तुटत नाही.’

ज्ञानदा दोरीची पानं खुडायला लागली. सगळं झालं होतं आणि नेमका शब्दाचा शेवट राहत होता. मी कात्री आणायला उठलो. आणि रस्त्यावरून घुंगरांचा आवाज आला.

कोंडीबा! फेटा बांधलेला, आणि दोन्ही हातांत कासरे. मागं त्याचे दोन बैल, पांढरा हौश्या आणि तांबडा पतंग्या. शिंगांना गुलाबी रंग, पाठीवर झुली.

‘अरे, तुमचा बेंदूर तर महिन्यानं ना?’

‘व्हय. पर बैलाला काय तारीक कळतीया? औंदा फिरवाया जागाच न्हाई वो, सगळा रस्ता गाड्यांनी भरलाय. दोन बैलांची परवानगी हाय म्हणलासा न्हवं? ही दोन आणली.’

अर्जुना कागद नाचवत आला. ‘दोन बैल मगाशीच आत गेल्यात!’

‘कुटं हायत?’ कोंडीबानं विचारलं.

तेव्हा खंड्यानं स्वतःच उत्तर दिलं. शाल ओढत, एक शिंग डोळ्यावर आणि एक हनुवटीखाली अशा अवतारात तो भुंकत फाटकाकडं धावला. हौश्या ट्रकला बुजत नाही, डीजेला बुजत नाही. तो शिंगवाल्या कुत्र्याला बुजला. त्यानं कोंडीबाच्या हातातून कासरा हिसकला आणि सरळ आत धूम ठोकली. पतंग्या त्याच्यामागं. मी पोरांना झोपाळ्यामागं ओढलं. कर ताणली, ताणली, आणि कडाड्!

माझ्या झोपाळ्याचा खांब हलला नाही, त्याच्याकडची दोरी तेवढी तुटली. तो मी बसवलाय. तुमचा फलक मुळासकट उपटून आला. खाली सिमेंट नव्हतं, साहेब. दोन विटा आणि माती. ‘कुत्र्यांना सक्त मनाई’ बैलामागं फरफटत बागेला एक चक्कर मारून आली आणि मग उरलेली दोरी तुटून खताच्या खड्ड्यात पडली. बैल कोपऱ्यात थांबले आणि तुमचा बोगनवेल हुंगू लागले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझी शाल तेवढी फाटली.

मग पुष्कर किंचाळला, ‘तुटली! कर तुटली!’ आणि कॉलनीनं असा दंगा केला की काय सांगू. दादासोंनी चक्क शिट्टी मारली. कोंडीबानं बैलांना पाणी पाजलं आणि जाहीर केलं, ‘पांढऱ्यानं तोडली. औंदा पांढरं पीक, शाळू लय पिकनार बगा.’

शनिवारी पोरं सांगलीला गेली. सोमवारी तुमची नोटीस आली.

‘बैल हजर करा’ म्हणालात, म्हणून मी खंड्या आणि शेवंतीला घेऊन आलो. तुमचा तो सज्जन चेहऱ्याचा तरुण उडाला. ‘काका, ही तर कुत्री आहेत!’

‘कुत्री असतील, तर फलक यांनी पाडला नाही, तो बैलांनी पाडला. बैल असतील, तर यांना परवानगी होती. काय ते एकदा ठरवा.’

त्यानं कंप्युटरकडं पाहिलं. कंप्युटरनं त्याच्याकडं पाहिलं. ‘साहेब बसले की या,’ तो म्हणाला. मी चार वेळा आलो. चारही वेळा तुम्ही बसला नव्हता. म्हणून हे लिहिलं.

फलक मी पुन्हा उभा करून देतो. पान्यांचा माणूस आहे मी, सिमेंट घालून बसवीन, हत्तीनं ओढला तरी निघणार नाही. पण त्यावर काय लिहायचं ते तुम्ही आधी ठरवायचं. आणि माझं जूनचं पान परत करा. त्याच्या मागं मेचा धोबी लिहिलाय.

राहिला माझा खरा प्रश्न. स्टँडवर गाडी सुटताना ज्ञानदानं मला खिडकीशी बोलावून कानात विचारलं, ‘आजोबा, दिवाळीत वसुबारसेला शेवंतीची गाय आणि खंड्याचं वासरू करता येईल का? येत असेल तर आम्ही आत्याकडं जात नाही.’

मी शब्द दिलाय, साहेब.

तर गाय-वासराचा फॉर्म कुठल्या टेबलावर मिळतो, वासराला शिंगांची अट आहे का, आणि कॅलेंडरचं पान मूळच लागेल की झेरॉक्स चालेल? पोरं वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं येणार आहेत.

त्याआधी बसा, आणि उत्तर द्या. लेखी.